जुलैचे फोटो आणि मे महिन्याची हजेरी

गेल्या जुलैतले तुमच्या कॉलेज ग्रुपवरचे फोटो एकदा मागे जाऊन बघा. एक खड्डा, त्यात एक रोप, आणि त्या रोपाला हात लावायला सरसावलेले दहा-बारा हात. मागे बॅनर, तेही रोपाच्या दहापट. खाली पन्नासेक अंगठे आणि टाळ्या. आता त्याच ग्रुपवर त्याच खड्ड्याचा मे महिन्यातला फोटो शोधा. बहुतेक सापडणार नाही. मे महिन्यात ग्रुपवर एकच विषय असतो, रिझल्ट कधी?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कॉलेजातल्या पर्यावरणाच्या कामाची हजेरी जुलैत घेऊ नका, मे महिन्यात घ्या. किती रोपं लावली हा आकडा कोणीही आणतो. किती जगली, कोणी जगवली, आणि जगवणारा पास होऊन गेल्यावर बादली कोणाच्या हातात दिली, हे खरे प्रश्न आहेत. आणि ते विचारायला सर, मॅडम किंवा तपासणीला येणारी समिती कशाला हवी? तुम्हीच विचारा. कारण उत्तर द्यायचं कामही शेवटी तुमच्यावरच येणार आहे.

यादी शहराची, कॅम्पस मेळघाटातला

‘ग्रीन कॅम्पस’ हा शब्द आता गावोगावच्या कॉलेजांत पोचलाय. नॅकच्या मूल्यांकनात सातवा निकष असतो, संस्थेची मूल्यं आणि चांगले उपक्रम यांचा. ग्रीन ऑडिट, विजेचं ऑडिट, पाण्याची साठवण, कचऱ्याची व्यवस्था, सायकली, पायवाटा, प्लास्टिकबंदी असं बरंच काही त्यात विचारलं जातं. विचारतात ते चांगलंच आहे. निदान त्या निमित्तानं फाइल तरी उघडते.

पण पुण्या-मुंबईचं कॉलेज जे करतं तेच धारणीत उतरवून काढलं की गडबड होते. शहरातल्या कॉलेजला हिरवं दिसायला लॉन लावावं लागतं. आपल्याकडे गावाबाहेर थोडं गेलं की सागाचं रान सुरू होतं. देशात सगळ्यात आधी जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला मेळघाट हा १९७४ पासून आपल्या उंबरठ्यावर आहे. इथे गेटजवळ शोभेचे पाम लावून कोणाला काय दाखवायचं?

हिरवं दिसणं हा इथला प्रश्नच नाही. पावसाळ्यात मेळघाट आपोआप हिरवा होतो, त्याला आपल्या बॅनरची गरज पडत नाही. परीक्षा सुरू होते ती होळीनंतर. साग पानं टाकून मोकळा होतो, नाले आटतात, हापसे खोल जातात, डोंगरावर रात्री वणव्याची लाल रेघ दिसायला लागते. होळीला गावी आलेली माणसं मेघनाथ आणि फगवा आटोपून पुन्हा कामाच्या शोधात बाहेर पडतात. नेमकं त्याच वेळी कॉलेजात परीक्षा लागतात आणि मग सुट्ट्या. म्हणजे निसर्गाला ज्या तीन महिन्यांत माणूस हवा असतो, त्याच तीन महिन्यांत कॅम्पस रिकामा असतो. रोपं का मरतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. बाकी अर्धं शेळ्यांच्या पोटात.

बारा हजार तासांचा हिशेब

सरकारी पातळीवरही आपण मोठे आकडे पाहिलेत. २०१६ मध्ये राज्यात २ कोटी झाडांचं लक्ष्य होतं, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. तुमच्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना त्यातलं एखादं रोप लावलंही असेल. त्याचं पुढे काय झालं, सांगता येईल? नाही सांगता येणार, आणि यात तुमचा दोष नाही. परत जाऊन बघा असं तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता कॉलेजात आलात. आता तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी शाळेत नव्हती, ती म्हणजे तास. राष्ट्रीय सेवा योजना, आपली एनएसएस, १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. प्रत्येक स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास काम करायचं, असा तिचा नियम आहे. शंभर मुलामुलींचं एक युनिट धरा. शंभर गुणिले १२०, म्हणजे १२,००० तास. एवढे तास कागदावर आहेतच. त्यातले बरेचसे कुठे जातात? रॅली, दिनविशेष, स्वागताला उभं राहणं, खुर्च्या लावणं. रॅली काढू नका असं मी म्हणत नाही. मी फक्त दहा टक्के मागतोय. १,२०० तास, आणि ते १५ मार्च ते १५ जून या काळासाठी राखून ठेवलेले. आठवड्याला साधारण नव्वद तास होतात.

नव्वद तासांत काय होतं? समजा, पाचशे रोपं लावायचा मोह तुम्ही टाळला आणि पन्नासच लावली. एका रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला दहा लिटर पाणी धरा. पन्नास रोपांना पन्नास बादल्या. दहा जणांनी पाच-पाच बादल्या टाकल्या की तासाभरात काम आटोपलं. बाकीचे ऐंशी तास उरतात राखणीला, कचऱ्याला, मोजणीला. तेच पाचशे रोपं लावली तर आठवड्याला पाच हजार लिटर लागतील. तेवढं पाणी मे महिन्यात कोण देणार? कोणीच नाही. म्हणजे पाचशेचा आकडा जाहीर करतानाच आपण साडेचारशे रोपांच्या मरणावर सही करत असतो.

सुट्टीत कोण थांबणार, हा प्रश्न रास्त आहे. बाहेरगावचे घरी जातील. काहींना घरच्यांसोबत कामावर जावं लागतं, घर त्यावर चालतं. त्यांच्या तासांना हात लावायचा नाही, त्यांना टोमणाही मारायचा नाही. पण ज्यांचं घर धारणीत किंवा चार-पाच किलोमीटरवर आहे, असे दहा-बारा जण प्रत्येक कॉलेजात निघतात. त्यांची पाळी लावा. आणि जे उन्हाळ्यात पाणी घालतील त्यांचे तास रजिस्टरला लागले पाहिजेत, हे युनिटच्या पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून ठेवा. आपला घाम हजेरीत दिसणार नसेल तर कोण कशाला भर उन्हात येईल?

पाणी आहे, ते खाली जातं

खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार. मेळघाटातल्या या पाचही नद्यांचं पाणी तापीला मिळतं आणि सुरतेच्या पुढे समुद्रात जातं. डोंगराला उतार आहे, खाली काळा कातळ आहे, म्हणून पाऊस भरपूर पडला तरी थांबत नाही. म्हणूनच भरपूर पावसाच्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची वेळ येते. आपला धारणी तालुका २०१७ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत होता, त्याचं कारणही हेच. तेव्हा गावातल्या बायामाणसांनी चर खोदले, बांध घातले. तुमच्यापैकी कोणाच्या घरचं माणूस त्या श्रमदानात असेलही. ते काम कसं केलं, कोणत्या चराला पाणी थांबलं आणि कोणता वाहून गेला, हे त्या माणसाला विचारा. एवढा जवळचा गाइड तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

कॉलेजच्या छतापुरता हिशेब तर आठवीच्या गणिताचा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छत ५०० चौरस मीटरचं धरा, मोसमाचा पाऊस हजार मिलिमीटर धरा. पाच लाख लिटर झालं. उडालं, सांडलं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून दिलं म्हणून एक लाख वजा करा. उरलं चार लाख. आणि आपल्या पन्नास रोपांना पंधरा आठवडे किती लागतं? साडेसात हजार लिटर. म्हणजे छतावरून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या दोन टक्क्यांपेक्षाही कमी. दहा हजार लिटरची एक झाकणाची टाकी पावसाळ्याच्या शेवटी भरून मार्चपर्यंत बंद ठेवली तरी भागतं.

हा हिशेब तुम्ही प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. ‘सर, झाडं लावू या’ असं म्हटलं की ‘हो’ मिळतं, कारण त्याला काही लागत नाही. ‘सर, एक टाकी हवी आणि तिची किल्ली विद्यार्थ्यांच्या समितीकडे हवी’ असं म्हणून बघा. तिथे कळेल की कॅम्पस खरंच हिरवा करायचाय की फाइल.

तोपर्यंत हॉस्टेलवाल्यांनी एक करावं. पिण्याच्या पाण्याचं आरओ मशीन शुद्ध पाण्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त पाणी नळीतून बाहेर फेकतं. त्यात क्षार जास्त असतात, रोपांना ते रोज घालू नका. पण फरशी पुसायला, संडासाला ते उत्तम चालतं. तिथलं चांगलं पाणी वाचलं की ते रोपांकडे वळवता येतं. आणि रोपाजवळ एक मातीचं मडकं पुरा, बुडाला बारीक छिद्र पाडून त्यात कापडाची वात घाला. मडकं भरलं की पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहतं. हे शोधायला इंटरनेट लागत नाही, आजीला विचारलं तरी कळतं.

लावण्याआधी राखायला शिका

परतवाड्याकडे उतरलं की मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं कोरकूंचं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. मिळालं काय, तर उजाड डोंगर. गावानं बसून नियम केले, राखण लावली, पाणी अडवलं, रोपं लावली. दोन वर्षांत, २०१४ मध्ये, त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारापर्यंत गेली. पुरस्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. डोंगर सावरला तो एका दिवसाच्या कार्यक्रमानं नाही, रोज कोणीतरी तिथे होतं म्हणून.

कॅम्पसवर याचा अर्थ काय? कुंपणाकडेच्या पडीक तुकड्यात पळस, बोर, हिवर, सागाचे फुटवे आपोआप येत असतात. त्यांना मूळ आहे, त्यांना पाणीही घालावं लागत नाही. स्वच्छता मोहिमेत आपण आधी तेच छाटतो आणि मग त्याच जागी खड्डा करून नर्सरीतलं रोप लावतो! असा एक तुकडा दोन वर्षं नुसता राखून बघा. शेळ्या आत येऊ देऊ नका, आग लागू देऊ नका, रायमुनिया मात्र मुळासकट काढा, कारण ती दुसऱ्या कशाला वाढू देत नाही. लावायचंच असेल तर करंज आणि सीताफळ घ्या, शेळ्या सहसा त्यांना तोंड लावत नाहीत. मोह, आवळा, बेहडा, चार यांच्या बिया तर तुमच्याच घराच्या आजूबाजूला पडलेल्या असतात.

ट्री-गार्डसाठी लोखंड किंवा हिरवी जाळी कशाला? आपल्याच तालुक्यात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. मेळघाटच्या बांबूच्या राख्या त्यातूनच राज्यभर गेल्या. सुनीलभाऊ २०२१ मध्ये कोरोनात गेले, पण केंद्रात शिकलेले हात तालुक्यात आहेत. कॉलेजनं पन्नास बांबूचे गार्ड घेतले तर पैसा तालुक्यातच राहील, आणि रोप मोठं झाल्यावर गार्ड कुजून मातीत जाईल.

वणवा आणि कोरकूतला एक निरोप

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतो. याच काळात मोहफूल पडतं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि कधी कधी ती आग पुढे जाते. बाहेरचे लोक यावर लगेच आदिवासींना दोष देऊन मोकळे होतात. पण मोहफूल म्हणजे घरात येणारा रोख पैसा आहे, तो कसा सोडणार? पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जुनी जाळी, साड्या अंथरल्या तरी फुलं वेचता येतात. हे सांगायला शहरातून पथनाट्य आणायची गरज नाही. तुमच्या वर्गात कोरकू बोलणारे किती जण आहेत? त्यांनी आपापल्या गावात, आपल्या काका-मामाशी, आपल्या भाषेत बोललेलं वाक्य शंभर पोस्टर्सपेक्षा पुढे जाईल. आणि त्यात एखादा मामा म्हणाला, ‘आम्ही कधीच पेटवत नाही, आग रस्त्यावरच्या बिडीनं लागते,’ तर तेही लिहून आणा. ऐकून घेणं हाही कामाचाच भाग आहे.

एक गोष्ट स्पष्ट. आग विझवायला पोट्ट्यांनी स्वतः धावायचं नाही. ते प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचं काम आहे. तुमचं काम दिसली आग की वेळ आणि जागा वनविभागाला कळवणं. आणि फेब्रुवारीतच कॅम्पसच्या कुंपणालगत गवत काढून जाळरेषा मोकळी करून घेणं, मोठ्यांच्या देखरेखीखाली.

खोट्या नोंदीची किंमत

आता सबमिशनकडे येऊ. १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश दिला. त्यातून पुढे यूजीसीनं पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात शंभरपैकी पंचवीस गुण प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला होते. आपल्या भागातली नदी, जंगल, टेकडी बघा, प्रदूषित जागा बघा, साधी झाडं, किडे, पक्षी ओळखा. नव्या धोरणात मांडणी बदलली, तरी क्षेत्रकार्य राहिलंच. कल्पना किती चांगली होती! आणि आपण तिचं काय केलं? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात. नाव बदललं की झालं. मेळघाटात बसून मुलं दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यातल्या तलावाचा अहवाल जमा करतात.

यात काय एवढं, असं वाटत असेल तर रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. हे छोटं घुबड दिवसाही दिसतं, आणि मेळघाट हे त्याच्या मोजक्या घरांपैकी एक आहे. १८८४ नंतर ते कोणाला खात्रीनं दिसलंच नव्हतं. मधे १९१४ ची एक नोंद होती. मायनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं गुजरातेत मांडवीजवळ हा पक्षी मिळवल्याचं लिहून ठेवलं होतं. त्या भरवशावर शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन या अभ्यासिकेनं तपासलं तेव्हा कळलं की तो पक्षी संग्रहालयातून लांबवलेला जुना नमुना होता, फक्त लेबल बदललेलं. तिनं आणि सोबत्यांनी ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. एका बदललेल्या लेबलनं किती जणांना चुकीच्या रानात फिरवलं बघा. तुमच्या प्रोजेक्टवरचं बदललेलं नाव त्याचंच धाकटं भावंड आहे.

खऱ्या नोंदीचा उपयोग दुसऱ्या बाजूनंही होतो. मुंबईत आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं त्या पत्राची स्वतःहून दखल घेतली आणि ७ ऑक्टोबरला तोड थांबवली. विद्यार्थ्यांच्या एका पत्रात एवढी ताकद असते. पण तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती, हेही खरं. आता स्वतःला विचारा. उद्या आपल्या कॅम्पसमधलं जुनं मोहाचं झाड इमारतीसाठी, रस्त्यासाठी तोडायचं ठरलं, तर ते किती जुनं आहे, त्यावर कोण राहतं, त्याची फुलं कोण वेचतं, याचा एक तरी कागद आपल्याकडे आहे का? कागद झाड पडायच्या आधी तयार लागतो.

‘आधी नोकरी, मग झाडं’

हा आक्षेप येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मेळघाटचं नाव पेपरात येतं ते कुपोषणाच्या बातमीत. तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर होणार आहात. घरी वाट बघतायत नोकरीची, पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षेची. अशात रोपांना पाणी घालत बसायचं?

माझं उत्तर असं. पाणी, सरपण, मोहफूल, तेंदूपान, बांबू, हे जर आपल्या घराचं उत्पन्न असेल तर पर्यावरण ही आपल्यासाठी हौस नाहीच, तो घरखर्च आहे. शहरातला विद्यार्थी पर्यावरण दिन साजरा करून एसीत जाऊ शकतो. नाला आटला तर आपल्या आईला घागर घेऊन लांब जावं लागतं. आणि छताचा हिशेब करता येणं, सामूहिक वनहक्काचे कागद वाचता येणं, ग्रामसभेत उभं राहून आकडे मांडता येणं, हे नोकरीतही उपयोगी पडतं. गावात राहायचं ठरवलं तर त्याहून जास्त.

दुसरा आक्षेप मुलांमध्ये दबक्या आवाजात असतो. ‘आम्हाला फुकटचे मजूर समजतात.’ हा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. कार्यक्रम वरून ठरतो, झाडू आपल्या हातात येतो, भाषण दुसऱ्याचं आणि फोटो तिसऱ्याचा. आपल्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. बाबा गावात शिरले की आधी स्वतः झाडू घ्यायचे, कीर्तन संध्याकाळी. आपण क्रम उलटा केलाय, भाषण आधी आणि झाडणं नंतर, तेही दुसऱ्यांनी. म्हणून विद्यार्थ्यांचं काम म्हणायचं असेल तर निर्णयही विद्यार्थ्यांचा हवा. किती रोपं, कोणती, कुठे, हे तुम्ही ठरवा. गॅदरिंगला थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी गावातल्या बचत गटाकडून घ्यायच्या, हा ठराव तुम्ही मांडा. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे, तेव्हा कोणाकडे परवानगी मागायचंही कारण नाही. आणि ज्या कामात तुम्हाला विचारलंच नाही, तिथे फोटोपुरतं उभं राहायला नम्रपणे नकार द्या.

एक रजिस्टर

सुरुवात कशानं करायची? दोनशे पानी रजिस्टर घ्या, चाळीस-पन्नास रुपयांचं. चार रकाने आखा. रोप कोणतं आणि कुठे. कोणी सांभाळायचं. १५ मे रोजी जिवंत की मेलेलं. मेलं असेल तर कशानं, म्हणजे पाण्यावाचून, शेळीनं, आगीनं की उपटलं म्हणून. शेवटचा रकाना लाज वाटण्यासाठी नाही. पुढच्या वर्षीच्या पोरापोरींना तोच सगळ्यात जास्त शिकवेल. पन्नासातली तीस मेली तर तीस लिहा. ‘सर्व रोपे सुस्थितीत’ हे वाक्य त्या रजिस्टरात येता कामा नये.

आणि एक पान कोरं सोडा, शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी. जाताना त्यांनी त्यावर खालच्या वर्गातल्या एकाचं किंवा एकीचं नाव लिहायचं, टाकीची किल्ली त्याच्या हातात द्यायची आणि दोघांनी सही करायची. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की टी-शर्टवर सह्या घेता ना? त्याच दिवशी ही एक सही जास्त.